किमतीच्या खालच्या पट्ट्या

बांधकाम खात्यात माझी पस्तीस वर्षं आकडे लिहिण्यात गेली. रस्त्यांचे, पुलांचे, सिमेंटच्या पोत्यांचे. निवृत्त झाले तेव्हा हातात वेळ होता आणि बँकेत थोडी रक्कम. ती नुसती पडून राहण्यापेक्षा शेअर बाजार म्हणजे काय ते बघू, असं मनात आलं. आमचं शहर हिंदी मुलखातलं. तिथे माधवनगरातच, आमच्या गल्लीच्या टोकाला, डीमॅट खातं उघडून देणाऱ्या एक मॅडम बसायच्या. त्यांनी माझ्या फोनमध्ये ॲप घालून दिलं आणि एका कंपनीचा आलेख उघडून दाखवला. वरची वेडीवाकडी रेघ म्हणजे भाव, हे सांगायची गरज नव्हती. पण तिच्या खाली, पार तळाला, उभ्या पट्ट्यांची एक रांग होती. काही बोटभर, काही नखाएवढ्या, काही हिरव्या, काही लाल.

“ये क्या है?” मी विचारलं.

“वो वॉल्यूम है आंटी. दिन भर में कितने शेअर का लेन-देन हुआ. उसको छोड़िए, आप भाव देखिए.”

एखादी गोष्ट सोडून द्या असं कुणी म्हटलं की नेमकी तीच मला सुटत नाही. घरी येऊन मी त्या पट्ट्याच बघत बसले. भाव रोज कमी-जास्त होतो हे समजत होतं. पण एखाद्या दिवशी भाव तसूभरही हलत नाही आणि खालची पट्टी मात्र आकाशाला भिडते, म्हणजे त्या दिवशी इतकी माणसं काय करत होती?

वाचत, व्हिडिओ बघत, थांबवून पुन्हा बघत मला एक हिशोब सापडला. त्याचं नाव भारी आहे, ऑन बॅलन्स व्हॉल्यूम, पण करायला चौथीच्या मुलालाही जमेल. आज भाव कालच्यापेक्षा वर बंद झाला, तर आज जितक्या शेअरची उलाढाल झाली ती सगळी बेरजेत मिळवायची. खाली बंद झाला, तर वजा करायची. अशी रोजची बेरीज-वजाबाकी करत गेलं की एक नवी रेघ तयार होते. भाव जागच्या जागी असताना ही रेघ जर चढत असेल, तर कुणीतरी गुपचूप माल जमवत असावं, असं मानतात. ॲपमध्ये बटण दाबलं की ही रेघ आपोआप येते. मी मात्र आलेखाचा कागद आणला आणि पेन्सिलीने काढायला लागले. हाताने उतरवल्याशिवाय मला आकडा समजल्यासारखा वाटत नाही.

पहिल्या खेपेला नशिबाने साथ दिली. पाइप बनवणारी एक कंपनी होती. भाव तीन आठवडे झोपलेला आणि माझी पेन्सिलीची रेघ चढतेय. मी भीत भीत पंचवीस शेअर घेतले. पुढच्या आठवड्यात भाव उठला. माझा आनंद यांच्यापर्यंत पोचावा म्हणून मी शिरा केला. हे म्हणजे माझे यजमान. कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. शिरा खाऊन ते म्हणाले, “एका प्रयोगावरून सिद्धांत मांडायचा नसतो.”

दुसऱ्या खेपेला त्यांचं म्हणणं खरं ठरलं. दुसऱ्या एका कंपनीची पट्टी एके दिवशी इतकी उंच गेली की माझ्या कागदावर मावेना, मी वर कागद चिकटवला. शेअर घेतले आणि वाट बघत बसले. भाव हळूहळू उतरला. पंधरा दिवसांनी वाचनात आलं की त्या दिवशी एका बड्या मालकाने आपला वाटा एकाच सौद्यात दुसऱ्या बड्याला विकला होता. म्हणजे फक्त दोन पार्ट्यांचा व्यवहार, आणि मी समजत होते की सगळा बाजार लोटला.

हे यांना सांगितलं तेव्हा ते चहा पीत होते. कप खाली ठेवून त्यांनी एक प्रश्न विचारला, आणि त्या प्रश्नाने माझे पुढचे पंधरा दिवस खाल्ले.

“अगं, पण जितके शेअर विकले गेले तितकेच विकत घेतले गेले असणार ना? एकाने विकल्याशिवाय दुसरा घेणार कसा? मग तुझी पट्टी हिरवी कशी आणि लाल कशी? प्रत्येक पट्टी अर्धी हिरवी, अर्धी लाल हवी.”

व्हिडिओत सगळे सांगत होते, ‘आज खरीदने वाले ज़्यादा थे.’ ज़्यादा कसे असतील? जेवढे घेणारे तेवढेच देणारे. इतकी साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही, याची लाज वाटली. त्याहून जास्त, उत्तर कुठेच मिळेना याची हुरहूर लागली. भाजी निवडताना तोच विचार, क्षीरसागरच्या मैदानावर फेऱ्या मारताना तोच.

उत्तर मिळालं ते भैरवगढला, छपाईवाल्यांच्या वस्तीत.

भाचीच्या लग्नात द्यायला मला ठप्प्याच्या छपाईच्या चादरी हव्या होत्या. भैरवगढची एक छपाई करणारी बाई माझ्या ओळखीची आहे. चाळिशी ओलांडलेली, नवरा गेल्यावर कारखाना तिनेच सांभाळला. मी वर्षातून दोनदा तिच्याकडे जाते. ती मला दीदी म्हणते. त्या दिवशी मी गेले तेव्हा एक व्यापारी तिच्याशी घासाघीस करत होता. तो कमी भाव सांगत होता, ती मान हलवत होती आणि हातातला ठप्पा कापडावर उमटवत होती. शेवटी तो निघाला. तिने वर बघितलंसुद्धा नाही. फाटकापर्यंत गेला, तिथे उगाच फोन काढून उभा राहिला, मग परत आला आणि तिने सांगितलेल्या भावाला चाळीस चादरी उचलून घेऊन गेला.

मी एकदम म्हणाले, “चालीस बिकीं और चालीस ही खरीदी गईं. लेकिन चलकर कौन आया? वो आया!”

ती हात पुसत माझ्याकडे बघत राहिली. “दीदी, तबीयत तो ठीक है?”

मी तिला सगळं सांगितलं. घेणारे आणि देणारे सारखेच असतात, पण दोघांपैकी घाई कुणाला आहे, दुसऱ्याच्या भावापर्यंत चालत कोण गेलं, त्यावर सौदा वरच्या भावाला होतो की खालच्या. चालत जाणारे जर घेणारे असतील तर भाव वर सरकतो आणि पट्टी हिरवी होते. मला वाटलं, हिला यातलं काही कळणार नाही. तिने शांतपणे भिंतीवरच्या खिळ्याला टांगलेली पिशवी काढली, पिशवीतून फोन काढला आणि माझ्यासमोर धरला. फोनवर भावाची रेघ, खाली पट्ट्या, आणि पट्ट्यांच्या खाली तीच माझी बेरजेची रेघ.

“मैं भी करती हूँ,” ती म्हणाली. “शेअर नहीं, क्रिप्टो. शेअर बाज़ार जब तक खुला रहता है, मेरे हाथ रंग में रहते हैं. ये तो इतवार को भी चलता है.”

तिथेच खाटेवर बसून आम्ही तासभर बोललो. एवढी वर्षं मी हिच्याकडून चादरी घेत होते आणि आमचं बोलणं पक्का रंग आणि कच्चा रंग यापलीकडे गेलं नव्हतं. जाताना तिने मला एक नाणं दाखवलं. नाणं म्हणजे फोनवरचंच, हातात न येणारं. एका लहानशा एक्सचेंजवर त्याची खरेदी-विक्री चालायची. भाव रोज केसभर वर आणि उलाढाल दांडगी. बेरजेची रेघ जिना चढावा तशी चढत होती. तिने आधी थोडी नाणी घेतली होती. आता तिच्या मनात मोठी उडी होती. पावसाळ्यात तिचं कापड वाळत नाही, दोन-अडीच महिने काम अर्ध्यावर येतं. पत्र्याची मोठी शेड घालायला तिने चार वर्षं पैसे साठवले होते. ते सहा महिने इथे ठेवले, तर शेडबरोबर रंगाचा दुसरा हौदही होईल, असं तिचं गणित.

“आप हाथ से निकालती हो ना,” ती म्हणाली. “एक बार इसका भी निकालकर देखो. अगले इतवार को डालूँगी.”

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळ-पूजा आटोपून मी कामाला बसले. क्रिप्टोचा बाजार बंद होत नाही, म्हणून तासातासाचे आकडे घ्यायचे ठरवलं. प्रत्येक पट्टीवर बोट ठेवायचं, आकडा यायचा, तो लिहायचा. तीन दिवसांचे बहात्तर आकडे. दुसरं पान निम्मं भरलं तेव्हा माझा हात थांबला. पहाटे चारचा आकडा आणि संध्याकाळी सातचा आकडा जवळजवळ सारखा. दुपारचा तसाच. रविवारचा सोमवारसारखा. थोडं खाली, थोडं वर, पण दोन्ही बाजूंना जणू कठडे बांधलेले.

असे आकडे मी पूर्वी एकदा बघितले होते. बघितले कसले, मीच लिहिले होते.

नोकरीचं पहिलंच वर्ष होतं. शहराबाहेरच्या एका नाक्यावर वाहनं मोजायची ड्यूटी लागली. सकाळी सात ते संध्याकाळी सात, दर तासाला किती ट्रक, किती बस, किती बैलगाड्या. मे महिना. अकराच्या सुमाराला डोकं दुखायला लागलं आणि मी पलीकडच्या झाडाखाली जाऊन पडले. दुपारचे चार तास मी मनाने लिहिले. फार नाही, फार कमी नाही, शंका येणार नाही असे. दुसऱ्या दिवशी साहेबांनी कागद हातात घेतला, मिनिटभर बघितला आणि त्या चार ओळींवर बोट ठेवलं. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, “पुढे रेल्वेचं फाटक आहे. या चार तासांत ते एकदाही बंद झालं नाही?” फाटक बंद झालं की रस्ता ओस पडतो आणि उघडलं की पन्नास गाड्या एकदम येतात. माझ्या खोट्या गाड्या फाटकाला थांबल्याच नव्हत्या. साहेबांनी मला पुन्हा तिथेच पाठवलं, या वेळी डोक्याला ओला टॉवेल बांधून.

मी कागद घेऊन यांच्याकडे गेले. “हे आकडे कुणीतरी बसून लिहिलेत.”

त्यांनी चष्मा लावला. “घाई करू नकोस. शेअर बाजार आपल्याकडचा आहे, दुपारी जेवायला गेल्यासारखा सुस्तावतो. हा जगाचा बाजार. इथे रात्र असेल तेव्हा कुठेतरी दिवस असणारच. सगळ्यांचं मिळून सपाट होत असेल.”

मुद्दा बिनतोड होता. खरं सांगायचं तर मला आवडलाच, कारण तो तपासता येण्यासारखा होता. मी सर्वांत मोठं, सर्वांना माहीत असलेलं नाणं घेतलं आणि त्याच तीन दिवसांचे, त्याच बहात्तर तासांचे आकडे लिहिले. जग तेच, घड्याळ तेच. ते आकडे अजिबात सपाट नव्हते. शनिवार-रविवार सुस्त. आपल्या संध्याकाळी, म्हणजे तिकडे पश्चिमेला दिवस उजाडत असताना, एकदम उसळी. मधेच एका तासाला चौपट, का ते देव जाणे. दोन्ही कागद शेजारी ठेवून हे बराच वेळ बघत होते. मग म्हणाले, “तिला सांगून ये.”

शनिवारी ऑटो करून मी भैरवगढला गेले. ती हौदावर होती, दंडापर्यंत लाल. माझं सगळं, यांच्या जेवायला जाणाऱ्या बाजारासकट, ऐकून घेतलं आणि तिचा चेहरा पडण्याऐवजी कडक झाला.

“दीदी, आपको हर चीज़ में खोट दिखती है. रेखा तो आप ही वाली है ना? आप ही मानती हो ना उसको?”

“रेखा सही है,” मी म्हणाले. “लेकिन रेखा तो वही जोड़ेगी जो उसको दोगे.”

“और अगर आप गलत हुईं? मेरा मौका गया, तो?”

मी चुकले असते, तर तिचा दुसरा हौद माझ्यापायी राहिला असता. मी कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. माझ्या मनातून तो विषय तिथेच संपला होता. ती मात्र हात धुऊन आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “बेचकर देखती हूँ.”

मला आधी समजलं नाही. तिने समजावलं. तिच्याकडे त्या नाण्याचा थोडासा साठा होता. तासाला जर एवढी उलाढाल होते, तर तिचा चिमूटभर माल चालू भावाला ठेवल्याबरोबर उचलला जायला हवा. तिने फोनवर चालू भाव बघितला, त्याहून जरासा कमी टाकला आणि विक्रीला ठेवलं. फोन आम्हा दोघींच्या मधे खाटेवर ठेवला.

एका बाजूला झालेल्या सौद्यांची यादी सरकत होती. सौदा, सौदा, सौदा. पट्टी वाढत होती. तिचा माल तिथेच पडून. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ती उठून दोन चादरी पिळून आली. अर्धा तास झाला. सौद्यांची यादी धावतेच आहे, आणि प्रत्येक सौदा तिने लावलेल्या भावापेक्षा महाग.

तिने फोन उचलून डोळ्यांजवळ नेला. मला नव्हे, फोनलाच विचारावं तसं म्हणाली, “मेरी चादर सस्ती रखी है. और ये आदमी मेरी दुकान के सामने से निकलकर बगल वाले से महँगी ले रहा है? एक बार नहीं, सौ बार?”

मग स्वतःच उत्तर दिलं, “आदमी है ही नहीं.”

माझ्या बहात्तर आकड्यांनी जे तिला पटलं नव्हतं, ते त्या अर्ध्या तासाने पटलं. मला थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू. तीन सकाळी घातल्या होत्या मी. पण तिची परीक्षा माझ्यापेक्षा चांगली होती, हेही दिसत होतं. मी लांबून आकड्यांचा चेहरा बघत होते, तिने माल घेऊन बाजारात पाऊल टाकलं.

तो साठा विकायला तिला चार दिवस लागले. भाव पुन्हा पुन्हा उतरवावा लागला, शेवटी निम्म्याच्याही खाली गेला तेव्हा तो सुटला. तेवढं नुकसान तिने सोसलं. मोठी रक्कम टाकली नाही. दीड-दोन महिन्यांनी तिने मला फोनवर तो आलेख पाठवला. एका मंगळवारी दुपारी त्या सगळ्या एकसारख्या पट्ट्या एकदम संपल्या होत्या. नळ बंद करावा तशा. त्यानंतर नुसता कोरा तळ. खाली तिने लिहिलं होतं, ‘देखो दीदी, खाना खाने गए.’ मी एकटीच मोठ्याने हसले. मग वाटलं, कुणाकुणाचे पैसे त्यात अडकले असतील, आणि हसू थांबलं.

पावसाळ्याआधी तिची शेड उभी राहिली. पत्र्याची, साधी, एकाच हौदाची. मी बघायला गेले तेव्हा आत दोऱ्यांवर चादरींची रांग होती आणि बाहेर चिखल. तिने क्रिप्टो सोडलं नाही. मीही सोड म्हटलं नाही, माझा काय अधिकार? पण आता कुठलंही नाणं घेताना ती आधी चिमूटभर घेते, विकून बघते, किती वेळ लागतो ते मोजते आणि मगच पुढे जाते. मीही शेअर घेताना एक पथ्य पाळते. पट्टी उंच दिसली की ती एका मोठ्या सौद्याने झाली की पुष्कळ लहान सौद्यांनी, हे आधी शोधते. हे म्हणतात, तुझा वेग पाहता कंपनी बंद पडेल पण तुझा अभ्यास संपायचा नाही. मग तेच विचारतात, “आजचा आकडा काय?”

गेल्या महिन्यात श्रावणातल्या सोमवारी देवाच्या पालखीच्या सवारीमुळे रस्ते बंद होते, मी घरीच होते. दुपारी तिचा फोन आला. मागे पाण्याचा आवाज.

“दीदी, एक बात बताओ. बड़ी पट्टी तो समझ में आ गई. लेकिन जब पट्टी एकदम छोटी हो जाती है, कोई ले नहीं रहा, कोई दे नहीं रहा, तो वो लोग डरे हुए हैं या चैन से बैठे हैं?”

मी म्हणाले, “पता नहीं.”

“पढ़ा होगा ना कहीं?”

पुस्तकांत दोन्ही लिहिलेलं आहे. एक म्हणतं शांतता ही वादळापूर्वीची, दुसरं म्हणतं विकणारे संपले, आता भाव तरेल. दोघंही मागे वळून सांगतात, तेव्हा दोघांचंही बरोबर येतं. आम्ही ठरवलं की आपणच लिहून बघायचं. ती तिच्या नाण्यांत सर्वांत लहान पट्टी कधी येते ते लिहिते, मी माझ्या शेअरांत. पट्टीसमोर आधी आपला अंदाज लिहायचा, ‘डर’ की ‘चैन’, आणि आठवड्याने काय झालं ते पुढे. अंदाज नंतर बदलायचा नाही, ही अट तिने घातली.

माझ्या अकरा नोंदी झाल्यात. चार वेळा माझा अंदाज बरोबर आला, पाच वेळा चुकला, आणि दोन वेळा आठवडा झाला तरी पट्टी लहानची लहानच राहिली. त्या दोन रकान्यांत काय लिहावं ते मला अजून सुचलेलं नाही. उद्या तिला विचारणार आहे.